उसन्या पाटावरची फ्लॉपी

सुमन कांबळे रिकाम्या खुर्चीवरसुद्धा विचारून बसायची. खोलीत मी एकटा, टेबलापलीकडच्या खुर्च्या मोकळ्या, आणि ही दारात उभी राहून म्हणायची, "अण्णा, बसू का?" सुरुवातीला मी म्हणायचो, बस की, खुर्ची काय माझ्या डोक्यावर आहे? पुढं पुढं नुसती मान हलवायला लागलो. ती गेल्यावर त्या खुर्च्यांवर कितीतरी माणसं न विचारता बसली. त्यातले काही मोठे साहेब होते. प्रत्येक वेळी माझ्या मनात आलं, ह्याला काही वळण नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीचं पुस्तक मी उघडलं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. हे मी लाजून सांगत नाही. खानापूरकडच्या आमच्या गावातून बेळगावला आलो तेव्हा उद्यमबागेत नुकत्या कुठं शेड उठत होत्या. एका मिस्त्रींच्या हाताखाली मी मोठे काटे बांधायला शिकलो. मोठा काटा म्हणजे ज्याच्यावर उसाची गाडी बैलांसकट उभी करायची आणि वजन घ्यायचं. मिस्त्री थकले तेव्हा मी स्वतःची शेड घातली. सत्तरच्या पुढची ती सगळी वर्षं आमच्या भागात जिथं जिथं ऊस पिकत होता तिथं तिथं माझा काटा उभा होता. वजनमाप खात्याचा साहेब शिक्का मारायला आला की म्हणायचा, अण्णा, तुमचा काटा तपासायचा म्हणजे आमचीच वजनं तपासून घेतल्यासारखं आहे.

माझ्या प्रत्येक काट्यावर माझ्या नावाची पितळी पाटी असायची. माझ्या फाटकातून दुसऱ्याच्या नावाची वस्तू बाहेर पडायची नाही, हा माझा नेम होता. विकत आणलेल्या मोटारीवर कुणाचा बिल्ला असला तर मी त्याच्यावर रंग मारून घ्यायचो. लोक हसायचे. हसू देत.

मग ऐंशीच्या पुढं विजेवरचे काटे आले, आणि त्यांच्या मागोमाग कॉम्प्युटर. साखर कारखानेवाले म्हणायला लागले, नुसतं वजन नको. गाडीचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, वजन, सगळं एका चिठ्ठीवर छापून आलं पाहिजे. काटा मला येत होता. कॉम्प्युटर येत नव्हता. म्हणून माणूस शोधायला लागलो.

माणूस घेताना माझी एक रीत होती. जुन्या काट्यातला एक लोखंडी तुकडा मी टेबलावर ठेवायचो. ज्याच्या धारेवर सगळा काटा तोललेला असतो तो तुकडा. आम्ही त्याला सुरी म्हणतो. समोरच्याला विचारायचो, हे काय? चांगले शिकलेले पोरगे यायचे. कोण म्हणायचा बेअरिंग, कोण म्हणायचा पाचर. एकानं तर इंग्रजीत असं काही नाव सांगितलं की मलाच क्षणभर खरं वाटलं.

सुमन निपाणीची. बेळगावात पॉलिटेक्निक करून टिळकवाडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होती, मावशीकडं राहत होती. बारीक चण, घट्ट वेणी, खांद्याला कापडी पिशवी. मी तिच्यापुढं तुकडा ठेवला. ती म्हणाली, "हातात घेऊ का?" घेतला, उलटासुलटा केला, धारेवरून बोट फिरवलं आणि जागेवर ठेवला.

"मला म्हाईत न्हाय. काय हाय हे?"

मी सांगितलं. तिनं विचारलं, धार झिजली तर काय होतं? सांगितलं. मग म्हणाली, किती झिजल्यावर कळतं? आणि गाडी एका बाजूला उभी केली तर? मी तिची परीक्षा घ्यायला बसलो होतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत तीच मला विचारत होती. शेवटी मी म्हटलं, बाई, सोमवारपासून ये, मला भूक लागली.

आमच्या शेजारी फाउंड्री होती. तिची काळी धूळ सगळीकडं बसायची, चहावरसुद्धा. कॉम्प्युटर आला तसा सुमननं शेडच्या एका कोपऱ्यात काचेची खोली बांधून घेतली. जुन्या खिडक्यांच्या काचा, फटींना कापडाच्या पट्ट्या. संध्याकाळी जाताना ती कॉम्प्युटरवर आईनं शिवलेली वाकळ घालायची. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून केलेली, हिरवी-तांबडी. परदेशातून आलेलं यंत्र निपाणीची वाकळ पांघरून झोपायचं.

खोलीत चपला घालून यायचं नाही, असा तिचा नियम होता. सगळ्यांनी मानला. मी नाही मानला. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच खर्चानं बांधलेल्या खोलीत मी चपला काढून जायचं? तीही नियम मोडेना. तेव्हा मी उंबऱ्याच्या बाहेर उभा आणि ती आत, असाच आमचा सगळा कारभार चालला. ती होती तोवर मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. ती गेल्यावर आलेला पोरगा म्हणाला, या की अण्णा, चपलेसकट या, काही होत नाही. मी उंबऱ्यातच थांबलो. तो नियम मोडायचा तर तिच्यासमोर मोडायचा होता.

यंत्राशी तिचं बोलणं चालायचं. रागावली की कानडीत. "सुम्निर," म्हणायची, म्हणजे गप्प बस. काम झालं की मराठीत, "शाणं गं माझं." मी म्हटलं, शिव्या कानडीत आणि लाड मराठीत, हे काय बरं नव्हे, कुणी ऐकलं तर मोर्चा येईल. ती म्हणाली, आमच्या घरात उलटं हाय अण्णा, आई लाड कानडीत करती.

खरंच ती एक भीती होती. चिठ्ठी मराठीत छापायची का कानडीत, हे आमच्या भागात सोपं नव्हतं. ज्या भाषेत छापू तिच्या उलट्या भाषेचा शेतकरी कपाळाला आठ्या घालणार. पण त्या यंत्राला दोन्ही येत नव्हत्या. त्याला फक्त इंग्रजी मोठी अक्षरं येत होती. तेव्हा चिठ्ठी इंग्रजीत निघाली. वाचता दोघांनाही येत नव्हती, म्हणून भांडण झालं नाही.

विचार करायला लागली की ती भाजलेले शेंगदाणे खायची. निळ्या पत्र्याचा डबा होता. एकेक दाणा, साल काढून, बारीक चावत. चावायचं थांबलं की समजायचं, सापडलं. आमचा जुना फिटर भरमा लांबून तिचा जबडा बघून मला सांगायचा, "अण्णा, अजून न्हाय."

तिचं काम झालं आणि आमच्या अंगणातला नमुन्याचा काटा बोलायला लागला. संकेश्वरकडच्या एका साखर कारखान्याची माणसं येऊन बघून गेली. त्यांनी सगळ्या गेटांवरचे काटे आमच्याकडून घ्यायचे ठरवले, कॉम्प्युटरसकट. एकच अट. हंगाम सुरू व्हायच्या आत काटे उभे पाहिजेत. नाही झाले तर पुण्याचा एक काटेवाला तयारच होता. एवढं मोठं काम मला आधी कधी मिळालं नव्हतं. त्याच्या भरवशावर मी नवीन माणसं घेतली होती. ते गेलं असतं तर शेड निम्मी रिकामी करावी लागली असती.

काम ठरलं त्याच आठवड्यात सुमन दारात आली.

"अण्णा, एक विचारायचं ऱ्हायलंय."

"विचार की."

"तुम्हाला न्हाय. कंपनीला."

आता हे जरा सांगायला पाहिजे. सुमननं काट्याचा प्रोग्राम लिहिला होता, पण तो आपल्या पायावर चालत नव्हता. ज्या कंपनीच्या भाषेत तो लिहिला होता, त्या कंपनीचा एक तुकडा यंत्रात असल्याशिवाय तो हलायचा नाही. त्याला रनटाइम म्हणतात. एका काळ्या पातळ फ्लॉपीवर तो असायचा. आमच्या यंत्रासाठी आम्ही तो रीतसर विकत आणला होता. पण काटा कारखान्याला विकायचा म्हणजे त्या काट्याबरोबर हा तुकडाही जाणार. प्रत्येक गेटावर एक. सुमनचं म्हणणं, आपण एका यंत्रापुरता आणलाय. तो नकलून दुसऱ्याला विकायची परवानगी आपल्याला आहे का, हे फ्लॉपीबरोबर आलेल्या कागदात स्पष्ट नाही. विचारलं पाहिजे.

मी म्हटलं, यात विचारायचं काय? मी लेथ विकत घेतला. त्याच्यावर किती बोल्ट काढायचे आणि ते कुणाला विकायचे, हे मला लेथवाला सांगतो का?

ती म्हणाली, "बोल्ट काढा की. पण तुम्ही बोल्टाबरोबर लेथ देताय अण्णा."

मी म्हटलं, लेथ कुठं देतोय, लेथ इथंच आहे.

"तेच तर. लेथ इथंबी हाय आणि तिथंबी जाणार. लोखंडाचं तसं होत न्हाय. याचं होतं. म्हणून विचारायचं."

मला हे पटलं नाही. आजही अर्धं पटलेलं नाही. जी वस्तू दिली तरी आपल्याकडं राहते, ती वस्तू कसली? पण मुद्दा तो नव्हता. ती म्हणत होती, विचारल्याशिवाय मी ती फ्लॉपी दुसऱ्या यंत्रात घालणार नाही. बाकी सगळं करून ठेवते, तेवढंच करणार नाही. मी आवाज चढवला. म्हटलं, तू काय माझी मालकीण हाईस? दुसरा माणूस आणीन. ती म्हणाली, आणा. मी त्याला सगळं शिकवते. ज्या दिवशी तो ती फ्लॉपी घालील त्या दिवशी मी येणार न्हाय. त्या दिवशीच न्हाय आणि पुन्हाबी न्हाय.

हे ती रागानं बोलली नाही. बस चुकली, उद्या येते, असं म्हणावं तसं बोलली. मी माणूस शोधलाही नाही. लोकांना वाटलं अण्णा वयानं मऊ झाले. तसं काही नव्हतं. तोंडावर नाही म्हणणारं माणूस हातचं सोडायचं नसतं, एवढं मला चौथीतही कळत होतं.

तिनं त्या परदेशी कंपनीच्या बेंगळूरच्या एजंटाला पत्र टाकलं. उत्तर नाही. पुन्हा टाकलं. गणपती आले आणि गेले. काट्यांचं लोखंड तयार झालं, रंग झाला, पाट्या बसल्या. कारखान्याचा माणूस निरोप धाडायला लागला. मग मीच म्हटलं, चल, जाऊन विचारू. मी बरोबर गेलो ते तिला साथ द्यायला नाही. तिचं म्हणणं किती चुकीचं आहे हे तिनं एजंटाच्याच तोंडून ऐकावं म्हणून गेलो.

हुबळीच्या स्टेशनवर गाडी लई वेळ थांबली. संध्याकाळ होती. तिनं डबा उघडला, मला विचारलं, अण्णा, दाणे देऊ का? मग आपणहून बोलायला लागली. तिची आई निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सुटी झाली की फाटकावर बायकांची झडती व्हायची. पदर झटकायला लावायचे, जेवणाचा डबा उघडायला लावायचे. आईनं जन्मात तंबाखूचं एक पान उचललं नाही, पण झडती एक दिवस चुकली नाही. सुमन लहानपणी शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर उभी राहायची आणि रोज ते बघायची.

"पदर झटकून झाला की आई माझ्याकडं बघून हसायची," ती म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून. तेवढ्यासाठी मी विचारून घेती अण्णा. पुढं कधी कुणी माझा पदर झटका म्हणलं, तर मला नुसतं उभं ऱ्हायचंय. हसायचं न्हाय."

मी दाणे खाल्ले. गाडी हलली.

एजंटाचं ऑफिस बेंगळूरला एका जिन्यावर होतं. गळ्यात टाय, गार खोली. सुमननं विचारलं तेव्हा तो आधी समजलाच नाही. मग इंग्रजीत काहीतरी बोलला, ते तिनं मला सांगितलं: आजवर हा प्रश्न घेऊन कुणी आलेलंच नाही, म्हणून उत्तर त्यालाही माहीत नाही. ती म्हणाली, मग ज्याला माहीत आहे त्याला विचारा. त्याला गंमत वाटली. तो माझ्याकडं वळला. माझं टोपी-धोतर बघून, हा माणूस व्यवहाराचा आहे असं त्याला वाटलं असावं. हात हलवत कानडीत म्हणाला, घालून टाका हो. "यार नोडतार?"

म्हणजे, कोण बघतंय?

काटेवाल्यापुढं हे वाक्य बोलू नये. जन्मभर मी हेच वाक्य ऐकत आलो होतो. काट्याखाली खडा सरकवणारा हेच म्हणतो. शेतकऱ्याची गाडी काट्याच्या कडेला उभी करणारा हेच म्हणतो. मला काटा जरा हलका बांधून द्या म्हणणारे येऊन गेले होते, त्यांनीही हेच म्हटलं होतं, आणि त्यांना मी फाटकाबाहेर काढलं होतं. आता हा टायवाला माझ्या बाजूनं बोलत होता आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी टेबलावर हात आपटला.

"मी बघतोय," मी म्हटलं. "काय ते लिहून मागवा. तोवर मी हितनं उठत न्हाय."

सुमननं माझ्याकडं बघितलं. तोंडातला दाणा तसाच, तिचा जबडा थांबला होता.

त्यानं आमच्यासमोर वर कंपनीकडं विचारणा पाठवली. आम्ही परत आलो. दसरा पंधरवड्यावर आला तेव्हा उत्तर आलं. तिनं ते काचेच्या खोलीतून वाचलं, मी उंबऱ्यातून ऐकलं. परवानगी होती. जादा काही द्यायचं नव्हतं. अटी दोन. तो तुकडा आमच्या प्रोग्रामबरोबरच द्यायचा, सुटा कुणाला द्यायचा नाही. आणि यंत्र सुरू झालं की पडद्याच्या वरच्या ओळीत त्या कंपनीचं नाव येतं, ते पुसायचं नाही, झाकायचं नाही.

झालं. तिची गाठ सुटली आणि माझी बसली.

माझ्या काट्याच्या तोंडावर दुसऱ्याचं नाव? मी म्हटलं, ते जमणार नाही. ती म्हणाली, पितळी पाटी तुमचीच हाय की, आणि खालच्या ओळीत तुमचं नाव मी आपल्या हातानं घातलंय. मी म्हटलं, खालच्या ओळीत. तेच. वर कोण? ज्यानं कधी ऊस बघितला नाही तो.

हे भरमानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत त्यानं काय करावं? चपला बाहेर काढल्या, कारण नियम तो मानायचा, आत गेला आणि पडद्याच्या वरच्या कडेला काळी चिकटपट्टी चिकटवून आला. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, सरळ, लेव्हलमध्ये.

नेमका त्याच दिवशी कारखान्याचा माणूस चाचणी बघायला आला. उसाची भरली गाडी काट्यावर चढवली. वजन आलं, शेतकऱ्याचं नाव आलं, आणि गाडीचा नंबर काही येईना. तो माणूस मान वाकडी करून बाजूनं बघतोय, पुढून बघतोय. कंपनीचं नाव एकदा दिसून गेलं की त्याच ओळीत गाडीचा नंबर यायचा, हे भरमाला कुठून माहीत असणार? सुमनला लगेच कळलं. ती उठली, आणि तिथंसुद्धा आधी विचारलं, "भरमाकाका, पट्टी तुमची हाय न्हवं? काढू का?"

कारखान्याचा माणूस पोट धरून हसला. हसून झाल्यावर म्हणाला, अण्णा, काटा झकास हाय, पण दिवाळीच्या आधी मला तो गेटावर दिसू दे. हितं नको.

मी तरी हललो नाही. नाव दिसणार असेल तर काटा फाटकाबाहेर जाणार नाही. भरमा पान थुंकून म्हणाला, "आदी ती अडून बसली हुती, आता तुमी. काट्यांनी जायाचं कवा?"

आणि खंडेनवमी आली.

त्या दिवशी आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. सगळं धुवून पुसून पाटावर मांडायचं, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा. आमच्या शेडमध्ये याला एक जोड होती, ती माझ्या मिस्त्रींची. उसनी आणलेली हत्यारं आपल्या पाटावर मांडायची नाहीत. त्यांना वेगळा पाट. त्या पाटावरच्या प्रत्येक हत्याराला कुंकू लावताना त्याच्या धन्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं, आणि नारळाचा अर्धा भाग त्याच्या घरी पोचवायचा. ज्यानं विश्वासानं हत्यार दिलं त्याचं नाव सगळ्यांनी ऐकलं पाहिजे, असं मिस्त्री म्हणायचे. उद्यमबागेत दुसरं कुणी हे करत नव्हतं. मी एकही वर्ष चुकवलं नाही, आणि नवीन माणसाला हे मीच मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

सुमन पूजेत नसायची. ते बौद्ध लोक, त्यांचा दसरा वेगळा, दुसऱ्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून निपाणीला जायची. खंडेनवमीला ती कडेला उभी राहायची, गूळ-खोबरं घ्यायची, आणि मीही तिला कधी पुढं ये म्हटलं नाही.

त्या वर्षी उसन्या पाटावर शेजारच्या फाउंड्रीवाल्याचा जड माल उचलायचा चेनब्लॉक होता आणि एका दोस्ताचा ड्रिल. मी कुंकवाची वाटी घेऊन त्या पाटाकडं वळलो. तेवढ्यात सुमन पुढं आली. हातात ती काळी फ्लॉपी, कागदी पाकिटात घातलेली.

"अण्णा, ही हितं ठेवू का?"

सगळी शेड बघायला लागली. सवयीनं माझी मान हलली. तिनं ती चेनब्लॉकच्या शेजारी ठेवली आणि मागं सरकली.

"मी पूजा करत न्हाय," ती म्हणाली. "कुंकू तुम्ही लावा. नावबी तुम्हीच घ्या."

मी वाटी घेऊन उभा. एवढी माणसं. फाउंड्रीवाल्याचं नाव घेतलं, कुंकू लावलं. दोस्ताचं नाव घेतलं, कुंकू लावलं. मग थांबलो. आता न घेतलं तर आजवर घेतलेली सगळी नावं खोटी. मी खाली वाकलो तशी ती घाईनं म्हणाली, "पाकिटावर लावा अण्णा, आत गेलं तर सगळंच बसंल." मी पाकिटावर बोट टेकवलं आणि त्या कंपनीचं नाव घेतलं. जीभ वळेना. पहिल्यांदा अडकलं, दुसऱ्यांदा भलतंच झालं. भरमा तोंडावर टॉवेल धरून खोकत होता. सुमन हसली नाही. तिनं सावकाश, तोडून तोडून सांगितलं, मी तिच्यामागून म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. फाउंड्रीपर्यंत गेलं असेल.

नारळ फोडला. भरमा अर्धी वाटी हातात घेऊन म्हणाला, आता हे साता समुद्रापलीकडं कोण पोचवणार? पोस्टात घेतील का?

"त्यांच्या वतीनं मी घेऊ का?" सुमननं विचारलं.

मी म्हटलं, घे.

काटे दसरा झाल्याबरोबर गेले. हंगामाच्या पहिल्या दिवशी कारखान्याचे चेअरमन हार घालून काट्यापाशी आले, यंत्र सुरू होताना पडद्यावर बघून म्हणाले, काटा तुमचा, मग वर हे नाव कुणाचं? मी म्हटलं, उसन्या हत्याराच्या धन्याचं. ते मान डोलावून पुढं गेले. बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत होती. सुमन गेटावरच्या खोलीत बसली होती, दाराबाहेर चपलांचा ढीग.

मोटारींच्या बिल्ल्यांवर रंग मारणं मात्र मी सोडलं नाही. मोटारी मी विकत घेतलेल्या होत्या.

पुढची वर्षं चांगली गेली. काटे वाढले. प्रत्येक नवा काटा जाताना ती त्या कागदातल्या अटी एकदा वाचायची, जणू पहिल्यांदाच. मी उंबऱ्यातून म्हणायचो, पाठ झाल्या की आता. ती म्हणायची, वाचू दे अण्णा. आता माझा नातू मोबाइलवर काही नवीन घेतो, भलं मोठं लिहिलेलं येतं, आणि हा न वाचता मान्य आहे म्हणून बोट लावतो. मी विचारतो, काय मान्य केलंस? तो म्हणतो, कुणाला माहीत आजोबा, सगळे करतात. मी म्हणतो, एक जण करत नव्हती.

ऐंशीची वर्षं संपत आली तेव्हा तिला पुण्याच्या कंपनीत जागा मिळाली. मोठी जागा होती. मी काय अडवणार? शेवटच्या दिवशी तिनं यंत्र पुसलं, वाकळ घडी करून पिशवीत घातली आणि खोलीच्या दारात आली. ती आत, मी बाहेर.

"अण्णा, काट्याचा प्रोग्राम मी एक नकलून नेऊ का? जवळ ठेवायला."

मी तिच्याकडं बघत राहिलो. अक्षर न् अक्षर तिनं लिहिलेलं. तिनं गुपचूप नेला असता तर मला जन्मात कळलं नसतं.

"ने," मी म्हटलं. "पण खालच्या ओळीतलं माझं नाव पुसायचं न्हाय. झाकायचंबी न्हाय."

"लिहून द्या."

मी लिहून दिलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ओळ खाली घसरली. तिनं ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि घडी करून वाकळीत ठेवलं. मग पाया पडायला वाकली, तर मी म्हटलं, राहू दे, गाडी चुकंल.

बसस्टँडवर भरमा आणि मी सोडायला गेलो होतो. निपाणीला उतरून, आईला भेटून ती पुढं जाणार होती. दुपारची वेळ, गाडी निम्मी रिकामी. ती चढली. आम्ही खाली खिडकीशी उभे. आत एका म्हातारीशेजारची जागा मोकळी होती. म्हातारीची बांबूची बुट्टी पायापाशी, सीटवर काहीही नाही. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तरी सुमन उभीच होती, पिशवी छातीशी धरून, म्हातारीकडं वाकून.

भरमा म्हणाला, "आता काय करती ही?"

मी म्हटलं, "विचारती."

म्हातारीनं वर बघितलं, बुट्टी पायानं जरा आत ओढली, आणि मान हलवली.